साच्यात माती बरोबर बसली, तरी नमुना चुकीचाच

रस्त्याच्या सबग्रेडची (रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीची) काळी माती. कमाल शुष्क घनता (दाबून मिळणारी जास्तीत जास्त कोरडी घनता) 1.60 ग्रॅम प्रति घनसेंमी, ती मिळते तो इष्टतम ओलावा 22 टक्के. सीबीआरसाठी (माती किती भार पेलते ते मोजणारी चाचणी) नमुना त्या घनतेच्या 97 टक्क्यांवर, म्हणजे 1.552 वर हवा होता. साचा 2250 घनसेंमीचा, म्हणून कोरडी माती 3492 ग्रॅम. तेवढी मोजली, 22 टक्के पाणी घातलं, दाबली. साच्यात चपखल बसली, पण भिजवल्यावर सीबीआर अगदीच मरतुकडा.

दोन दिवस यंत्राच्या भार मोजणाऱ्या रिंगवर संशय घेण्यात गेले (बिचारी निर्दोष होती). मग उन्हात वाळवलेल्या मातीचाच ओलावा मोजला, तर 8 टक्के! म्हणजे खरी कोरडी माती 3233 ग्रॅमच, घनता जेमतेम 90 टक्के आणि ओलावा जवळपास 32. एकूण ओलं वजन मात्र तेच, 4260 ग्रॅम, म्हणून कोणालाच शंका आली नाही.

आता 3771 ग्रॅम हवेत वाळलेली माती घेऊन फक्त 489 ग्रॅम पाणी घालतो. कालवून लगेच दाबत नाही. पिशवीत घट्ट बांधून रात्रभर मुरू देतो, नाहीतर ढेकळं आतून कोरडी राहतात. दाबून झाल्यावर उरलेल्या मातीचा ओलावा पुन्हा तपासतो. साइटवरही सँड रिप्लेसमेंटच्या (खड्ड्यात वाळू भरून त्याचं आकारमान काढायच्या पद्धतीच्या) खड्ड्यातली माती ओव्हनमध्ये वाळवूनच घनता काढायला सांगितली आहे.