राहिलेल्या उपचारासाठी अक्षता: परिपूर्णतेचा हट्ट सोडण्याची घरातलीच एक रीत

घरातील गणपतीची षोडशोपचार पूजा जवळ बसून ऐकलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून दोन गोष्टी गेलेल्या असतात. वस्त्र, यज्ञोपवीत, अलंकार यांपैकी एखादी वस्तू तबकात नसली, तरी गुरुजी पूजा थांबवत नाहीत; ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’ असे म्हणत चिमूटभर अक्षता वाहायला लावतात आणि पुढच्या उपचाराकडे वळतात. पूजेच्या शेवटी मात्र, सारे यथासांग पार पडलेले असले तरीही, यजमानाकडून म्हणवून घेतात: ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर । यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे ॥’ मंत्रात, कृतीत आणि भक्तीतही जे उणे राहिले असेल, ते देवा, तूच पूर्ण करून घे, असे हे मागणे आहे. उणीव राहणारच, हे या विधीने आधीच धरून ठेवले आहे आणि ती कोठे ठेवायची याची जागाही नेमून दिली आहे.

त्याच घरात पूजा आटोपल्यावर स्वयंपाकघरात काय चालते, हे सांगायला नको. एकवीस मोदकांपैकी दोघा-तिघांची पारी फाटली म्हणून घरची गृहिणी दिवसभर खंतावलेली असते, गौरींच्या नैवेद्याला सोळा भाज्यांऐवजी अकराच झाल्या म्हणून तिला रात्री झोप येत नाही, आणि जेवून गेलेल्या पाहुण्यांनी केलेल्या कौतुकापेक्षा आमटीत मीठ किंचित कमी होते ही एकच गोष्ट तिच्या मनात घोळत राहते. देव उणीव चालवून घेतो आणि आपण घेत नाही, ही विसंगती एकदा नीट दिसली, की परिपूर्णतेचा हट्ट सोडण्याचे काम कोठून सुरू करायचे तेही दिसते. पुढील मार्गदर्शनात उदाहरणे गौरी-गणपतीच्या दिवसांची आहेत, कारण हा हट्ट त्या दिवसांत सर्वांत उघडा पडतो; परंतु कार्यालयातील अहवाल, मुलांचा अभ्यास किंवा घराची आवराआवर यांनाही ती जशीच्या तशी लागू पडतात.

हट्ट कोणाचा आहे, ते आधी लिहून काढावे

चांगले काम करण्याची आवड आणि परिपूर्णतेचा हट्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुबक कळ्यांचा मोदक वळताना जिला आनंद होतो, ती पुढचा मोदक अधिक बारकाईने वळते. हट्ट असलेली व्यक्ती मात्र प्रत्येक मोदकाकडे स्वतःच्या परीक्षेचा निकाल म्हणून पाहते. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या हट्टाचे तीन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी करतो, दुसऱ्यात इतरांकडून करतो, आणि तिसऱ्यात इतर लोक आपल्याकडून ती करीत आहेत असे त्याला वाटत राहते. तिसरा प्रकार नैराश्याशी विशेष जवळून जोडलेला आढळतो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील माहितीची टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी एकत्रित तपासणी केली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सर्वांत मोठी वाढ या तिसऱ्यातच होती. आपल्याकडच्या सणावाराच्या घरांतही त्याचाच जोर जास्त असावा, असे माझे मत आहे.

म्हणून पहिली कृती कागद-पेनाची आहे. सणाच्या तयारीची यादी आपण करतोच. तिच्या शेजारी प्रत्येक कामासमोर ‘हे असेच झाले पाहिजे, असे कोण म्हणते?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे. ‘सासूबाई म्हणतात’ असे लिहिताना, त्यांनी हे खरोखर कधी म्हटले होते का, हेही आठवून पाहावे. बऱ्याचदा वीस वर्षांपूर्वी कोणीतरी सहज काढलेला एक उद्गार आपण घरातला कायदा करून ठेवलेला असतो आणि तो काढणाऱ्याला त्याचा मागमूसही नसतो. अर्थात काही घरांत टोमणे खरेच मारले जातात. तेथे हा कागद निदान एवढे दाखवतो, की मागणी दुसऱ्याची आहे आणि ती मान्य करावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे.

‘पाहिजेच’ या वाक्याशी वाद घालावा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती महाराष्ट्रात किशोर फडके यांच्यामुळे पुष्कळांच्या परिचयाची आहे. घटना स्वतःहून आपल्याला अस्वस्थ करीत नाही. घटनेविषयी आपण धरून ठेवलेली धारणा करते, आणि अस्वस्थ करणाऱ्या धारणांच्या मुळाशी बहुधा एखादी ताठर ‘पाहिजेच’ असते, हे तिचे सार आहे. मोदक फाटला ही घटना. ‘माझ्या हातून नैवेद्यात चूक होताच कामा नये, झाली तर मी कुचकामी आहे’ ही धारणा. दिवसभराची खंत हा परिणाम.

या धारणेला तीन प्रश्न विचारायचे असतात. माझ्या हातून चूक होताच कामा नये, असा काही नियम जगात आहे याला पुरावा काय? एक मोदक फाटला यावरून मी कुचकामी आहे हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो? आणि ही धारणा जवळ बाळगून माझे मोदक सुधारले, की हात अधिकच थरथरू लागले? उत्तरे मनातल्या मनात न देता लिहावीत, कारण मनात दिलेले उत्तर जुनी धारणा सहज गिळून टाकते. मग धारणेची जागा इच्छेला द्यावी: ‘मोदक सुबक व्हावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु काही तसे झाले नाहीत, तर मला वाईट वाटेल आणि तरीही मी आजचा सण आनंदाने साजरा करू शकेन.’ या वाक्यात इच्छा टिकून आहे, हे लक्षात घ्यावे. ‘मला काही फरकच पडत नाही’ असे म्हणणे खोटे ठरते आणि मनाला ते पटतही नाही. हा वाद एका बैठकीत मिटत नाही. जुनी धारणा पुढच्या सणाला पुन्हा उभी राहते आणि तिला पुन्हा तेच प्रश्न विचारावे लागतात.

अक्षता कोठे वाहायच्या, ते काम सुरू होण्याआधी ठरवावे

सर्वांत उपयोगी पडणारी कृती हीच आहे, आणि लोक ती नेमकी उशिरा करतात. दमून गळून गेल्यावर एखादे काम सोडले, तर ते हरल्यासारखे वाटते; तेच काम आधी विचारपूर्वक सोडले, तर तो निर्णय असतो. सणाच्या चार-पाच दिवस आधी यादी घ्यावी आणि तिच्यातील कोणत्या तीन गोष्टी पूर्ण मनाने करायच्या आहेत, त्यांच्यावर खूण करावी. एखाद्या घरात त्या गोष्टी म्हणजे सकाळची पूजा शांतपणे होणे, वृद्धांची जेवणे आणि औषधे वेळेवर होणे आणि संध्याकाळच्या आरतीला सर्वांनी एकत्र असणे या असतील. उरलेल्या प्रत्येक कामापुढे, त्याच्या जागी वाहायच्या अक्षता कोणत्या, ते लिहावे. पुरणपोळ्या ओळखीच्या बाईंकडून करवून आणणे, सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी करणे, मखर गेल्या वर्षीचेच लावणे, हे सारे त्या अक्षतांतच मोडते. परंपरेचा धाक वाटत असेल, तर पुष्कळ घरांत गौरी येतात त्या दिवशीचा नैवेद्य साध्या भाजी-भाकरीचाच असतो, हे आठवावे. थाट दुसऱ्या दिवशीचा आहे, आणि त्यातलाही बराचसा भाग शेजारच्या घराशी तुलना करीत वाढलेला आहे.

ही मोकळीक सगळीकडे लावता येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. औषधाची मात्रा, गॅसची जोडणी, सजावटीच्या दिव्यांची वायर, बँकेत भरलेली रक्कम या ठिकाणी दोनदा तपासणे योग्यच आहे. हट्टी मनाची अडचण अशी असते, की ते रांगोळीच्या ठिपक्यांनाही याच यादीत बसवते. म्हणून प्रत्येक कामाबाबत, येथे चूक झाली तर कोणाला इजा होईल का किंवा न भरून येणारे नुकसान होईल का, असे विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर एकदा पाहून पुढे जावे.

यानंतर एक छोटा प्रयोग मुद्दाम करून पाहावा. रांगोळीची एक रेघ वाकडी गेली, तर ती न पुसता तशीच ठेवावी आणि हळदीकुंकवाला बायका येण्यापूर्वी कागदावर अंदाज लिहावा: ‘निदान तिघी जणी बोलून दाखवतील.’ रात्री प्रत्यक्षात कितींनी काय म्हटले, ते त्याखाली लिहावे. बोलणारी एखादी निघाली, तर त्यानंतर आपले नेमके काय बिघडले तेही नोंदवावे. भीती समजुतीच्या शब्दांनी फारशी हटत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील अंतर डोळ्यांनी पाहिल्यावर ती हळूहळू कमी होते.

दुसऱ्यांच्या कामावर हात फिरवू नये

हेविट आणि फ्लेट यांनी सांगितलेला दुसरा प्रकार घरात सर्वांत जास्त दुखावणारा असतो, आणि तो बहुधा मदतीच्या रूपात येतो. नवऱ्याने निवडलेली भाजी पुन्हा निवडणे, मुलीने वळलेला मोदक तिच्यादेखत मोडून नवा वळणे, मुलाने लावलेली आरास तो बाहेर गेल्यावर बदलणे, यांतून घरच्यांना एकच गोष्ट कळते, की आपण हात न लावलेलाच बरा. मग ‘सगळे मलाच करावे लागते’ ही तक्रार खरी होते, आणि ती खरी करण्यात आपलाही वाटा असतो. ज्याला काम दिले त्याला ते त्याच्या पद्धतीने पुरे करू द्यावे, आणि तीनच कळ्यांचा, एका बाजूला कललेला मोदकही नैवेद्याच्या ताटात ठेवावा. हे ऐकायला सोपे आणि करायला फार कठीण आहे. हात शिवशिवू लागले, तर स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसावे. दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

गौरी आपल्या समजुतीप्रमाणे माहेरवाशीण म्हणून येतात. माहेरी आलेल्या लेकीच्या निऱ्या नीट नाहीत म्हणून तिला कोणी उंबऱ्यावर थांबवत नाही. आधी तिला पाणी देतात, बसवतात, दमलीस का म्हणून विचारतात. क्रिस्टिन नेफ या संशोधिकेने २००३ पासून ज्या आत्मकरुणेचा अभ्यास मांडला, तिचे तीन घटक आहेत: स्वतःशी मायेने वागणे, चुकणे हे सर्वच माणसांच्या वाट्याला येते हे जाणणे, आणि दुःखाला न फुगवता, न दडपता त्याच्याकडे पाहणे. कामाच्या धबडग्यात दिवसातून एकदा स्वतःला त्या माहेरवाशिणीसारखे वागवून पाहावे: पाच मिनिटे बसावे, पाणी प्यावे, आणि स्वतःशी त्याच स्वरात बोलावे.

साधनेतही हाच हट्ट शिरतो

हट्टाला स्वयंपाकघरातून हुसकले, तर तो देवघरात जाऊन बसतो. जपाची माळ एक दिवस चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून संकल्प करणारी, किंवा ध्यानात मन भरकटले म्हणून ध्यानच सोडून देणारी माणसे कमी नाहीत. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात. मन श्वासावरून सुटले की स्वतःवर न रागावता पुन्हा श्वासाकडे यायचे, ही तेथील सुरुवातीची शिकवण आहे. मन न भरकटणे अपेक्षितच नाही, परत येणे हाच सराव आहे. हरिपाठाचा नेम असलेल्यांनीही एखाद्या दिवशी तो राहून गेला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणून भरपाई करू नये. नेहमीच्या वेळी नेहमीएवढाच म्हणावा.

शास्त्राचा आधार हवा असेल, तर गीतेच्या अठराव्या अध्यायातील ४८ वा श्लोक पाहावा. धुराने जसा अग्नी वेढलेला असतो, तशी सर्वच कर्मे दोषाने वेढलेली असतात, म्हणून स्वतःचे सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे तेथे म्हटले आहे. ज्ञानेश्वरांनी तर गीतेवरची टीका सुरू करतानाच, पहिल्या अध्यायात, ‘न्यून तें पुरतें । अधिक तें सरतें’ करून घ्यावे, अशी श्रोत्यांना विनंती केली. क्षमा आधी मागून मग त्यांनी अठराही अध्याय सांगितले.

काम संपले, हे स्वतःला सांगावे

पुष्कळांचा सण विसर्जनानंतरही आठवडाभर मनात चालू राहतो. त्यासाठी उत्तरपूजेचा उपयोग करून घ्यावा. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात आणि तेथे पूजाविधी संपतो. त्याच संध्याकाळी दहा मिनिटे बसून वहीत दोन नोंदी कराव्यात: या वर्षी काय मनासारखे झाले, आणि पुढच्या वर्षी बदलण्याजोगी एकच गोष्ट कोणती. मग क्षमाप्रार्थना अर्थ ध्यानात घेऊन एकदा म्हणावी. जे श्रद्धाळू नाहीत, त्यांनी ‘जे राहिले ते राहिले’ एवढे स्पष्ट म्हणून वही मिटावी. नंतर जुनी उजळणी सुरू झाली, तर ती नोंद वहीत आहे एवढेच स्वतःला सांगावे आणि हातातल्या कामाकडे वळावे.

काही वेळा मात्र हे उपाय पुरत नाहीत. तपासणी, धुणे किंवा मांडणी पुन्हा पुन्हा केल्याशिवाय राहवत नसेल आणि त्यात रोज तासन्‌तास जात असतील, चुकीच्या भीतीने कामे सुरूच होत नसतील, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर सण उरकण्याचीही वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.