विकिरण सुरक्षा अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी: सोलापुरातील अनुभव

सोलापुरात भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणाऱ्यांपुढे प्राध्यापकी आणि स्पर्धा परीक्षा हे दोनच मार्ग असल्यासारखे बोलले जाते. मी येथील एका कर्करोग रुग्णालयात विकिरण सुरक्षा अधिकारी आहे. अणुऊर्जा म्हटले की लोकांना तारापूर किंवा अणुबॉम्ब आठवतो. परंतु किरणोत्सारी स्रोत रुग्णालयांत, सिमेंट कारखान्यांत आणि वेल्डिंगची तपासणी करणाऱ्यांकडेही असतात, हे फारसे कुणाच्या गावी नसते.

रुग्णालयातील मार्ग असा: एम.एस्सी.नंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिओलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका, त्यानंतर रेडिओथेरपी विभागात वर्षभराची इंटर्नशिप आणि सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता परीक्षा. नेमणुकीला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते.

प्रत्यक्ष कामात गणितापेक्षा नोंदी जास्त असतात. ब्रॅकीथेरपी (शरीरात गाठीजवळ स्रोत नेऊन करायचा किरणोपचार) यंत्रातील इरिडियम-१९२ चा स्रोत तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तीव्रता निम्मी होण्याचा काळ, सुमारे ७४ दिवस असल्याने तो तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. नव्या स्रोताची तीव्रता मोजून प्रमाणपत्राशी ताडायची, जुना स्रोत जाड कवचाच्या पेटीत गेल्यावर पेटीलगत आणि एक मीटर अंतरावर विकिरणाची मात्रा मोजायची, लेबल लावायचे आणि पुरवठादाराकडून पोच येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. नवख्यांना ही कारकुनी वाटते, पण धोका नेमका येथेच असतो. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील वर्षानुवर्षे वापरात नसलेले कोबाल्ट-६० चे यंत्र भंगारात विकले गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातील सीझियम-१३७ मुळे चौघे दगावले. म्हणूनच मुलाखतीला जाल तेथे वापरात नसलेल्या स्रोतांची यादी आहे का, हे अवश्य विचारा. उत्तर देताना कोणी चाचपडले, तर ते लक्षात ठेवा.

सहकाऱ्यांच्या छातीवरील, अंगावर किती विकिरण पडले ते नोंदवणाऱ्या मात्रामापक बिल्ल्यांची जबाबदारीही तुमचीच. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (विकिरणाच्या मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. मात्र एप्रनसकट बिल्ला एक्स-रेच्या खोलीत खुंटीला टांगून घरी जाणारे महाभाग सर्वत्र भेटतात. मग माणसाऐवजी खुंटीचीच मात्रा मोजली जाते आणि खुलासा आपल्याला लिहावा लागतो.

अक्कलकोट-मंगळवेढ्याहून आलेले नातेवाईक ‘लाईट (म्हणजे किरणोपचार) घेतल्यावर लहान मुलाला जवळ घ्यायचे का’ असे विचारतात. यंत्राने बाहेरून किरण दिलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे मुलाला खुशाल जवळ घ्यावे. किरणोत्सारी आयोडीन-१३१ पोटात दिलेल्या रुग्णाला मात्र काही दिवस अंतर पाळावे लागते आणि उपचारासाठी दाखल असलेल्याचे मूत्रही वेगळ्या टाकीत साठवून, तीव्रता ओसरल्यावरच सोडले जाते. हा फरक सोलापुरात कन्नड आणि तेलुगूतही समजावता यायला हवा. त्यासाठी लागणारी दोन-चार वाक्ये रुजू होताच परिचारिकांकडून शिकून घ्यावीत.