आधी कागदावर मांडव: ट्रेलिस डीकोडिंग शिकताना

एम.टेक.च्या प्रोजेक्टचा विषय घरी सांगायची वेळ आली तेव्हा वडिलांनी विचारलं, ‘ट्रेलिस म्हणजे काय रे?’ मी म्हटलं, ‘मांडव.’ आमची तासगावला द्राक्षबाग. ते म्हणाले, ‘मग त्यासाठी पुण्याला कशाला गेलास? इथं उभाच आहे की.’

नाव खरंच तिथलंच आहे. संदेशात जादा बिट मिसळून पाठवायचे (एन्कोड), म्हणजे वाटेत नॉइजनं काही बिट बिघडले तरी मूळ संदेश परत काढता येतो (डीकोड). तो काढायला वापरतात ती आकृती म्हणजे ट्रेलिस. डेव्ह फोर्नी यांनी हे नाव दिलं. झाडासारख्या फांद्या फुटत जातात, पण काही पावलांनी पुन्हा एकमेकींना येऊन मिळतात, अशी ही आकृती. वेलीत असं होत नाही, आकृतीत होतं, आणि सगळी गंमत त्या मिळण्यातच आहे. मला हे कळायला अख्खं सेमिस्टर लागलं, कारण मी सुरुवातच उलटी केली. मॅटलॅबमध्ये व्हिटर्बी डीकोडर (या आकृतीवरून संदेश परत काढणारी रीत) एका ओळीत मिळतो. ती ओळ लिहिली, आलेख आला, रिपोर्टात चिकटवला. वायव्हाला फळ्यावर चार स्टेटचा ट्रेलिस काढायला सांगितलं तर तिसऱ्या टप्प्यावर हात थांबला.

म्हणून या विषयात नवीन असाल तर आधी वही आडवी धरा. 7,5 नावाचा छोटा कोड घ्या (ते आकडे ऑक्टल आहेत, म्हणजे 111 आणि 101; सुरुवातीला सगळेच फसतात). प्रत्येक बिटमागे दोन बिट निघतात: पहिला म्हणजे आताचा आणि मागचे दोन यांची बेरीज, दुसरा म्हणजे आताचा आणि त्याच्या दोन मागचा यांची बेरीज, दोन्हीत 2 नं भागून उरलेला शेष. स्टेट म्हणजे मागचे दोन बिट, ताजा आधी. त्या चारच: 00, 10, 01, 11. संदेश 1011, आणि एन्कोडर शेवटी 00 वर परत यावा म्हणून मागे दोन शून्यं. एन्कोड केल्यावर 11 10 00 01 01 11 असं निघतं. आता मुद्दाम दोन बिट बिघडवा: 11 00 00 01 11 11. ही रांग हातानं सोडवा.

तिसऱ्या टप्प्यापासून प्रत्येक स्टेटपाशी दोन वाटा येऊन मिळतात. मिळालेल्या रांगेपासून ज्या वाटेचा फरक (वेगळ्या पडलेल्या बिटांची संख्या) कमी ती ठेवायची, दुसरी कायमची छाटायची. का चालतं हे? तिथून पुढे दोघींचं भविष्य एकच आहे, मागे पडलेली वाट पुढे जाऊन जिंकूच शकत नाही. चार बिटांच्या संदेशाला सोळाच वाटा असतात म्हणून ही छाटणी किरकोळ वाटते. शंभर बिटांचा संदेश घ्या: वाटा दोनाचा शंभरावा घात, आणि हातात तरीही फक्त चार.

वरच्या उदाहरणात चौथ्या टप्प्यावर दोन स्टेटपाशी 3-3 अशी बरोबरी होते. घाबरू नका, कुठलीही ठेवा. पाचव्या टप्प्यावर मजा आहे: 00 वर पोचलेली वाट आणि 01 वर पोचलेली वाट, दोघींचा हिशेब 2. इथे थांबलात तर खरी कुठली ते सांगता येणार नाही. शेवटची जोडी 11 आली की एक 4 वर जाते, दुसरी 2 वर राहते, आणि ती 2 म्हणजे आपण बिघडवलेले दोन बिट. मागे लावलेली शून्यं मला तोवर वाया गेलेली जागा वाटायची.

अँड्र्यू व्हिटर्बी यांनी ही रीत 1967 मध्ये मांडली. लेखाच्या शीर्षकात त्यांनी तिला ‘असिम्प्टॉटिकली ऑप्टिमम’ (लांबी वाढत जाईल तसतशी सर्वोत्तम) एवढंच म्हटलं होतं. ती प्रत्येक लांबीला सर्वोत्तम आहे हे नंतर इतरांनी दाखवलं. शोधणाऱ्यालाही पूर्ण दिसलं नव्हतं, हे वाचून मला फळ्यासमोरची फजिती जरा सुसह्य झाली.

पुढची फजिती मात्र सगळी माझीच. 64 स्टेटचा (म्हणजे मागचे सहा बिट लक्षात ठेवणारा) 133-171 कोड, व्हॉयेजरपासून वाय-फायपर्यंत वापरलेला. लाखात एक बिट चुकण्यासाठी कोडिंगशिवाय बिटची ऊर्जा नॉइजपेक्षा साधारण 9.6 डीबी जास्त लागते, सॉफ्ट डिसिजन (आलेला बिट 0 की 1 हे लगेच न ठरवता किती खात्री तेही डीकोडरला देणं; लगेच ठरवलं तर हार्ड) लावून या कोडला चार-साडेचार पुरतात. माझा आलेख 1.3 दाखवत होता. दोन दिवस हवेत होतो. गाइडनी एकच विचारलं, ‘नॉइज किती टाकलास?’ रेट अर्धा, म्हणजे संदेशाच्या एका बिटमागे दोन सिम्बॉल (प्रत्यक्ष पाठवलेले बिट), आणि एका बिटची ऊर्जा त्या दोघांत वाटली जाते. मी प्रत्येक सिम्बॉलला पूर्ण बिटची ऊर्जा देऊन टाकली होती. बरोबर 3 डीबी फुकट. तुमचा आलेख पुस्तकातल्यापेक्षा चांगला आला तर पेढे वाटायच्या आधी हे तपासा. आणि 2 डीबी वाईट आला तर सॉफ्टऐवजी हार्ड डिसिजन चालू राहिलंय का ते बघा.

ब्लॉक कोडलाही (सलग रांगेऐवजी ठरावीक लांबीच्या तुकड्यांत चालणारा कोड) ट्रेलिस असतो, हे बऱ्याच अभ्यासक्रमांत येतच नाही. माझ्या मते हा विषयातला सगळ्यात सुंदर भाग. 1974 च्या बाह्ल, कॉक, येलिनेक, रॅव्हिव्ह यांच्या लेखात तो आहे, 1978 मध्ये वुल्फ यांनी त्यावर व्हिटर्बी चालवला. पॅरिटी चेक मॅट्रिक्स (कोडच्या अटींचा 0-1 तक्ता) घ्यायचा, जिथे बिट 1 तिथला स्तंभ मिळवत जायचं, तोवरची बेरीज म्हणजे तुमची स्टेट, आणि शेवटी जी वाट शून्यावर येते तेवढीच खरी. एक प्रयोग जरूर करा. आठ बिटांचा रीड-मुलर कोड घ्या, चार ओळी: 11111111, 00001111, 00110011, 01010101. बरोबर मध्यावर चार स्टेट येतात. आता फक्त चौथा आणि पाचवा स्तंभ अदलाबदल करा. कोड तोच, चूक सुधारायची ताकद तीच, आणि मध्यावर सोळा स्टेट! मी हे तीनदा मोजलं, मला आधी स्वतःचाच संशय आला.

‘5जी मध्ये डेटाला एलडीपीसी, कंट्रोलला पोलर, मग ट्रेलिस शिकून नोकरी लागेल का?’ हे ज्युनिअर नेहमी विचारतात (एलडीपीसी, पोलर हे चुका सुधारणारे वेगळे कोड). नुसत्या ट्रेलिसवर नाही लागणार. पण 4जीच्या टर्बो कोडच्या (तोही चुका सुधारणारा कोड) डीकोडरमध्ये 1974 च्या त्याच लेखातली रीत चालते, आणि मोडेमच्या मुलाखतीत ट्रेसबॅकची लांबी (किती टप्पे मागे जाऊन बिट पक्का करायचा) अजून विचारतात. (कन्स्ट्रेंट लेंथच्या, म्हणजे आताचा आणि लक्षात ठेवलेले मिळून जितके बिट त्याच्या, पाचपट; सातला 35. पण हा अंदाज कुठून आला तेही सांगता यायला हवं.) 2 नं भागून उरणाऱ्या शेषांचं गणित आणि थोडी संभाव्यता एवढी तयारी असेल तर बाकीचं वहीवर जमतं.

आपल्या नाविकच्या (भारताची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा) L5 सिग्नलमध्येही हाच 64 स्टेटचा कोड आहे. त्याची सबफ्रेम (संदेशाचा एक तुकडा) 292 बिटांची, एन्कोड झाल्यावर 584 सिम्बॉल. त्या 292 मधले शेवटचे सहा बिट बघा: सहाही शून्यं.