गावच्या नाल्याची प्रकृती कशी तपासावी

विदर्भातल्या बहुतेक गावांत नाल्याचा विषय ग्रामसभेत निघतो तो दोन कारणांनी: पुराचे पाणी शेतात शिरले म्हणून, किंवा खोलीकरणाचे काम मंजूर झाले म्हणून. दोन्ही वेळा निर्णय घाईने होतो आणि पोकलेन पात्रात उतरण्यापूर्वी तिथे काय होते याची नोंद कोणाकडेच नसते. ही नोंद गावाने स्वतः करावी. तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चार उत्साही माणसे, जुनी मच्छरदाणी, पांढरा ट्रे, मोजपट्टी, घड्याळ आणि एक वही एवढे साहित्य पुरते.

प्रथम तीन जागा निश्चित कराव्यात. एक गावाच्या वरच्या अंगाला, दुसरी गावठाणाचे सांडपाणी मिळते त्याच्या लगेच खाली, आणि तिसरी त्याहून बरीच पुढे. आपल्या नाल्याची तुलना त्याच नाल्याच्या वरच्या भागाशी करावी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या नाल्याशी करू नये. यवतमाळ-वर्ध्याकडचे नाले काळ्या कातळावरून आणि काळ्या मातीतून वाहतात, भंडारा-गडचिरोलीकडच्या पात्रांत रेती अधिक असते, आणि अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल मुळातच खारट आहे. तिथल्या पाण्यात क्षार आढळले म्हणजे प्रदूषण झाले असे समजणे चुकीचे ठरेल.

तपासणी वर्षातून तीनदा करावी: पूर ओसरून पाणी निवळल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, नंतर फेब्रुवारीत, आणि शेवटी एप्रिलअखेर. एप्रिलमध्ये पात्र कोरडे असेल तरी जावे, कारण त्या वेळी कोणत्या डोहांत पाणी टिकले आहे एवढेच पाहायचे असते. हंगामी नाला हा मेलेला नाला नव्हे. त्यातले मासे, खेकडे आणि शिंपले उन्हाळ्यात त्या मोजक्या डोहांत आणि ओलसर रेतीत तग धरतात आणि पावसाळ्यात तिथूनच पुन्हा पसरतात. म्हणून गावच्या नकाशावर या डोहांची जागा सर्वांत आधी नोंदवावी.

पात्रातून चालताना खळाळ आणि डोह आलटून पालटून येतात का, हे पाहावे. खळाळात पाणी दगडांवर आपटून हवा घेते, डोहात ते थांबते. दोन्ही ठिकाणी राहणारे जीव वेगळे असतात. एकसारख्या खोलीचा सरळ चर खणला की हा फरक संपतो आणि त्याबरोबर निम्मे जीवनही संपते. काठावर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, सिंदी यांपैकी काय उरले आहे, की केवळ बेशरमाची झुडपे माजली आहेत, तेही लिहावे. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, गळलेली पाने पाण्यातल्या किड्यांचे अन्न होतात आणि सावलीने पाणी थंड राहते. या थंडाव्याला मोठे महत्त्व आहे: २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच.

प्रवाह मोजणे सोपे आहे. सरळ भागात १० मीटर अंतर आखून वरून एक वाळकी काडी सोडावी आणि तिला लागलेला वेळ पाहावा. तीन-चार वेळा करून सरासरी काढावी. पात्राची रुंदी, सरासरी खोली आणि हा वेग यांचा गुणाकार करून त्याला ०.८ ने गुणावे, कारण तळाशी पाणी पृष्ठभागापेक्षा हळू वाहते. रुंदी २ मीटर, खोली ०.३ मीटर आणि काडीला २० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर आणि प्रवाह सेकंदाला सुमारे २४० लिटर होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे तळाचे जीव पाहणे. बाटलीत भरलेले पाणी त्या क्षणाची स्थिती सांगते. दगडाखाली काही आठवडे किंवा महिने वाढणारा किडा त्या साऱ्या काळात पाणी कसे होते ते सांगतो. मच्छरदाणीचा मीटरभर तुकडा दोन काठ्यांना बांधून एकाने खळाळात प्रवाहाला आडवा धरावा आणि दुसऱ्याने त्याच्या वरच्या बाजूला मिनिटभर पायाने गोटे ढवळावेत. जाळीत आलेले सारे थोडे पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये उतरवून शांतपणे पाहावे. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेला चपळ किडा म्हणजे मेफ्लायचे पिल्लू. रेतीच्या कणांचे किंवा काड्यांचे घर अंगावर वागवणारी अळी कॅडिसफ्लायची. यांचे निरनिराळे प्रकार भरपूर सापडले, तर तिथल्या पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे मानण्यास हरकत नाही. चतुर आणि टाचणीची पिल्ले, खेकडे, झिंगे मध्यम प्रदूषण सोसतात. जाळीत केवळ लाल अळ्या आणि गाळातले तांबूस बारीक किडे आले, तर सांडपाण्याचा भार वाढला आहे. या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या प्राणवायूच्या टंचाईतही जगतात.

येथे दोन सावधगिरी हव्यात. पाण्यावर चालणाऱ्या लांब पायांच्या किड्यांवरून अनुमान काढू नये. ते वरची हवा घेतात, त्यामुळे घाण पाण्यातही दिसतात. तसेच दोन शेपट्यांचा स्टोनफ्लाय सपाटीवरच्या कोमट नाल्यात न सापडणे हा दोष नव्हे, कारण तो मुख्यतः थंड, वेगवान पाण्याचा किडा आहे. पाहणी झाल्यावर सर्व जीव होते तिथेच सोडावेत.

रेतीत शिंपले असतील तर त्यांची लांबी मोजावी. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची बहुतेक पिल्ले काही काळ माशांच्या अंगाला चिकटून वाढतात. सगळे शिंपले मोठेच आणि लहान एकही नसेल, तर मासे तिथपर्यंत पोहोचतात का याचा शोध घ्यावा. पहिल्या पुरात चढणीचे मासे अंडी घालायला वर जातात, आणि ज्याच्या पायथ्याशी पाणी उंचावरून पडते असा सिमेंट बांध किंवा रपटा (बुटका पूल) त्यांची वाट अडवतो. मासे बांधाखाली अडून गोळा होत असतील, तर ते काठावरूनच दिसते. पूर असताना पात्रात मुळीच उतरू नये. वर पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही लोंढा येतो.

शेणखताचे उकिरडे, खते आणि सांडपाणी यांमुळे पाणी हिरवे होते. असे पाणी दुपारी निरोगी वाटते, परंतु रात्री शेवाळ प्राणवायू वापरते आणि पहाटे तो सर्वांत कमी होतो. म्हणून हिरव्या डोहावर सूर्योदयापूर्वी जावे. मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर तशी नोंद करावी. कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत पंप कुठे धुतले जातात, हेही स्पष्ट लिहावे. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके मासे आणि जलकीटक दोघांनाही अत्यल्प प्रमाणात मारक असतात. पंप नाल्यात धुणे तत्काळ थांबवता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी निधीची वाट पाहावी लागत नाही.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींसाठी पाणी तपासणीचे क्षेत्रीय संच आहेत आणि गावातील पाच महिलांना त्यांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचाने सामू (पाण्याची आम्लता, म्हणजे pH), नायट्रेट आणि क्लोराइड तपासून आकडे वहीत जोडावेत. नाल्याकाठच्या विहिरीत नायट्रेट प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले, तर ते पाणी पिण्यास योग्य नाही.

मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील जाणत्यांशी बोलल्याशिवाय ही वही पूर्ण होत नाही. कोणत्या डोहात मरळ मिळे, वाम कधीपासून दिसेनाशी झाली, रेतीचा थर पूर्वी किती होता, हे त्यांना ठाऊक असते, आणि रेती उपशामुळे पात्र किती खाली गेले याची इतकी नेमकी माहिती अन्यत्र मिळणे कठीण. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहावे.

वहीची एक प्रत जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी, कारण जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. गडचिरोलीसारख्या भागात जिथे वनहक्क मिळाले आहेत, तिथे २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि जलस्रोत जपण्याचा अधिकार देते. तो ठरावात नमूद करावा. खोलीकरणाचा प्रस्ताव आला की अंदाजपत्रक मागून घ्यावे, त्यातील साखळी क्रमांक (काम कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवणारे अंतराचे आकडे) आपल्या नकाशाशी ताडून पाहावेत, आणि उन्हाळ्यात पाणी टिकणारे डोह व त्यांच्या काठची झाडे कामातून वगळावीत असा लेखी ठराव काम सुरू होण्यापूर्वी मंजूर करून घ्यावा.