देणगी, तिकीट की जाहिरात? लहान संस्थेच्या निधीसंकलनातला जीएसटी

लहान सामाजिक संस्थेत हिशेबाचं किंवा निधी उभारण्याचं काम नव्याने हाती घेतलं की पहिल्याच आठवड्यात दोन ठाम वाक्यं कानावर येतात. एक, ‘आपली धर्मादाय संस्था, आपल्याला जीएसटी लागत नाही.’ दुसरं, ‘जीएसटी नंबर काढून ठेवा, कंपन्या मागतात.’ दोन्ही अर्धवट आहेत आणि दोन्हींपायी संस्थेचे पैसे जातात.

१ जुलै २०१७ ला राज्याचा व्हॅट आणि केंद्राचा सेवाकर यांच्या जागी जीएसटी आला. या कायद्यातली ‘व्यवसाया’ची व्याख्या नफ्याचा हेतू आहे की नाही हे बघत नाही. त्यामुळे मुलांच्या शिक्षणासाठी विकलेली पिशवी ही कायद्याच्या नजरेत विक्रीच. संस्थेकडे आयकर विभागाची धर्मादाय नोंदणी असेल (जिला आपण सवयीने १२ए म्हणतो), तर तिच्या काही सेवांना जीएसटीतून सूट मिळते. पण ती यादी मर्यादित आहे: गंभीर आजारी, दिव्यांग किंवा व्यसनाधीन व्यक्तींची शुश्रूषा आणि समुपदेशन, अनाथ व बेघर मुलांचं शिक्षण, कैद्यांसाठीचे शिक्षण-कौशल्य कार्यक्रम, ग्रामीण भागातल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीचे तसेच कार्यक्रम, पर्यावरण आणि पाणलोटाचं काम, धर्म आणि योग यांचा प्रसार. ही सूट सेवांना आहे, वस्तूंना नाही. आणि निधीसाठी केलेला कार्यक्रम या यादीत आपोआप बसत नाही.

खरा प्रश्न एकच असतो: पैसे देणाऱ्याला मोबदल्यात काय मिळालं? काहीच मिळालं नसेल तर ती देणगी. तिच्यावर जीएसटी नाही आणि जीएसटी नोंदणीसाठीच्या वार्षिक उलाढालीच्या मर्यादेतही ती धरली जात नाही. मग भिंतीवर देणगीदाराचं नाव कोरलं तर? ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी कृतज्ञतेची पाटी चालते. त्याच पाटीवर त्यांच्या दुकानाचं नाव, माल आणि फोन नंबर आला की ती जाहिरात होते. त्यामुळे पाटीचा मजकूर रंगाऱ्याकडे जाण्याआधी हिशेबनिसाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे.

कंपन्यांकडून येणाऱ्या पैशांत इथेच गडबड होते. मंचामागच्या बॅनरवर कंपनीचं बोधचिन्ह, निवेदनात तीन वेळा नाव आणि प्रवेशद्वाराशी स्टॉल कबूल केला असेल, तर ते प्रायोजकत्व आहे. पावतीपुस्तकात ‘देणगी’ लिहिल्याने ते बदलत नाही. मात्र घाबरण्यासारखंही काही नाही. सार्वजनिक न्यासाच्या कार्यक्रमाला कंपनी किंवा भागीदारी संस्था प्रायोजक झाली तर त्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा, या पद्धतीने) प्रायोजकच भरतो. म्हणजे न्यासाकडे नंबर नाही या कारणाने प्रायोजकत्व अडायला नको. कंपनीच्या लेखा विभागाला ही तरतूद पत्रात नीट लिहून कळवा, निम्मी अडवणूक तिथेच संपते. तुमची संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी असेल तर गणित वेगळं: १६ जानेवारी २०२५ पासून अशा कंपनीला मिळालेल्या प्रायोजकत्वाचा कर, तिची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपुढे गेली असल्यास, तिनेच आकारायचा आणि भरायचा.

सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) किंवा प्रकल्प-अनुदानाचा करार सहीला आला की शब्द तपासा. ‘अनुदान’, ‘विनियोग प्रमाणपत्र’ (पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला) अशी भाषा असेल आणि लाभ समाजाला होत असेल, तर ते अनुदान. ‘सेवा शुल्क’, ‘बिल सादर केल्यावर पैसे’ अशी भाषा असेल आणि तयार झालेला अहवाल किंवा प्रशिक्षण कंपनीच्याच उपयोगाचं असेल, तर ती सेवा. कंपनीने व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापला, तर ती हा व्यवहार सेवा समजते आहे हे ओळखा आणि वर्षअखेरीची वाट न बघता त्याच महिन्यात बोला.

आता मदतनिधी प्रयोग. नाटक, संगीत, नृत्य किंवा क्रीडास्पर्धेचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी माफ आहे. ५०० च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात, फक्त वरच्या फरकावर नाही. नोंदणी असलेल्या संस्थेने ५५० चं तिकीट लावलं, तर कर वजा जाता हातात ४६६ रुपये १० पैसे येतात. म्हणजे ५०० च्या तिकिटापेक्षा कमी. ५९० ला कुठे बरोबरी होते आणि ६०० च्या तिकिटात सुमारे ५०८ रुपये ५० पैसे उरतात. शंभर रुपये वाढवून साडेआठ रुपये. तेव्हा एक तर ५०० वर थांबा, नाहीतर थेट ८०० किंवा १,००० ला जा. ‘तिकीट ५०० आणि देणगी ५००, दोन्ही सक्तीचं’ ही पळवाट टिकत नाही, कारण त्याशिवाय आत सोडत नसाल तर सगळेच पैसे प्रवेशाचे. देणगीची पेटी वेगळी ठेवा, रक्कम ऐच्छिक ठेवा आणि पावतीही वेगळी फाडा. तिकिटाच्या रकमेवर ८०जी ची (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी) पावती देऊ नका, कारण तिकीटधारकाला मोबदला मिळालेला असतो.

नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला २० लाख आणि फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी ४० लाख आहे. इथे ‘फक्त’ या शब्दाकडे लक्ष द्या. दिवाळीत पणत्या आणि फराळ विकणाऱ्या संस्थेने वर्षात स्मरणिकेच्या जाहिरातीही घेतल्या, तर ती ‘फक्त वस्तू’वाली राहत नाही आणि २० लाखांची मर्यादा लागते. बेरीज संस्थेच्या पॅनवर होते, सगळ्या शाखांची मिळून. करमाफ उलाढालही तीत येते: ५०० पर्यंतची तिकिटं, पुस्तकविक्री. ज्याचा कर प्रायोजक भरतो ते प्रायोजकत्वही. ठेवींवरचं व्याजही धरून चालावं, हा सावध मार्ग. तुमचं सगळंच उत्पन्न करमाफ असेल तर रक्कम कितीही असो, नोंदणी लागत नाही. हा तक्ता वर्षाच्या शेवटी न करता दर महिन्याला भरावा.

मर्यादेच्या आतही एक दार उघडं राहतं: दुसऱ्या राज्यात केलेली करपात्र वस्तूंची विक्री. पुण्यातल्या संस्थेने बंगळुरूच्या ग्राहकाला टी-शर्ट कुरिअरने पाठवले, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. पणजीच्या प्रदर्शनात गाळा घेतला, तर तिथे तात्पुरती नोंदणी करावी लागते. अर्ज किमान पाच दिवस आधी, अंदाजित कर आगाऊ भरून, सुरुवातीची मुदत कमाल ९० दिवसांची. अधिसूचित हस्तकला वस्तूंना मर्यादेपर्यंत यातून सवलत आहे, मातीच्या पणत्या तर करमाफच आहेत. त्यामुळे परराज्यात काय न्यायचं हे गाळ्याचं भाडं भरण्याआधी ठरवावं.

विक्रीवरच्या करापेक्षा लहान संस्थेला खरा फटका बसतो खर्चावरच्या कराचा, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच नसतो. नोंदणी नसलेल्या संस्थेला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून तो सरळ खर्चच. नाट्यगृह ३०,००० आणि ध्वनी-प्रकाश १५,००० अशी कोटेशनं आली आणि खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असेल, तर १८ टक्क्यांनी ८,१०० रुपये वाढतात. ५०० च्या तिकिटाने ही सतरा माणसं झाली. म्हणून प्रत्येक कोटेशन करासहित एकाच आकड्यात मागा. बचतीच्या जागाही आहेत. देवस्थान न्यासाच्या मालकीचं, धार्मिक स्थळाच्या आवारातलं सभागृह सर्वांसाठी खुलं असेल आणि भाडं दिवसाला १०,००० च्या आत असेल, तर न्यासाच्या आयकर नोंदणीमुळे त्या भाड्यावर जीएसटी नाही. लोककला किंवा शास्त्रीय गायन, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही. पण तोच कलाकार कार्यक्रम-कंपनीमार्फत आला, तर कंपनीच्या पूर्ण बिलावर १८ टक्के लागतात.

ट्रकभाड्याचं नीट बघा. आपल्याकडे बऱ्याच संस्था सोसायटी कायद्याखालीही नोंदलेल्या असतात. अशा संस्थेने बिल्टी (माल वाहतुकीला घेतल्याची पावती) देणाऱ्या वाहतूकदाराकडून माल आणला, तर कर भरण्याची जबाबदारी संस्थेवर येऊ शकते आणि त्यापायी नोंदणीही घ्यावी लागू शकते. गावातल्या टेम्पोवाल्याने बिल्टी न देता सामान पोचवलं तर हा प्रश्न येत नाही. आपत्तीग्रस्तांसाठीच्या मदतसामग्रीच्या वाहतुकीला सूट आहे.

ऑनलाइन देणगीतली कपात छोटी दिसते, पण वर्षभरात साचते. ५,००० च्या देणगीवर २ टक्के शुल्क म्हणजे १०० आणि त्यावर १८ रुपये कर, खात्यात येतात ४,८८२. पावती मात्र ५,००० चीच द्यायची आणि ११८ खर्चात दाखवायचे. निव्वळ जमा रकमेची नोंद केली की देणगी रजिस्टर आणि ताळेबंद जुळत नाहीत, आणि लेखापरीक्षणात दोन-दोन दिवस तो फरक शोधण्यात जातात.

गरज नसताना नंबर घेतला तर विक्री असो-नसो विवरणपत्रं भरावीच लागतात. शून्य व्यवहाराच्या विवरणालाही उशीर झाला तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क, शिवाय सीएची फी. नंबर नसेल तर ग्राहकाकडून जीएसटी म्हणून एक रुपयाही घेऊ नका, कायद्याने तशी मनाईच आहे.

कामाला लागताना तीन पावतीपुस्तकं छापून घ्या: देणगी, विक्री-तिकीट, आणि जाहिरात-प्रायोजकत्व. रंग वेगळे ठेवा, म्हणजे कार्यक्रमाच्या गर्दीत टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाच्या हातून चुकीच्या पुस्तकातली पावती फाटत नाही. प्रत्येक देणगी पावतीच्या स्थळप्रतीवर ‘मोबदल्यात काही दिलं का?’ अशी एक ओळ ठेवा आणि ती भरल्याशिवाय पावती फाडू नका, असं स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा.