त्रेपन्न लिही म्हटलं की पोरगं ३५ लिहितं, मग काय करायचं?

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे माहितीये. त्रेपन्न सांगितलं की ३५ येतं, एकोणतीस सांगितलं की ३९ येतं कारण पोराला शेवटी तीस ऐकू आलेलं असतं. आणि गंमत म्हणजे हेच पोरगं एक ते शंभर धडाधड म्हणून दाखवतं, त्यामुळे पालकांना वाटतं येतंय की सगळं.

घोळ पोराचा नाहीये, आपण आकडा बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. कानडीत इप्पत्तोंदु म्हणजे वीस आधी मग एक, इंग्रजीत ट्वेंटी वन तेच, त्यांना हा त्रास कमी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीने जोडाक्षरं आणि ही उलटापालट मुलांना जड जाते म्हणून ते दिलं होतं, आणि एकवीस काही काढून टाकलेलं नव्हतं. माझं मत विचाराल तर 'पन्नास तीन' हा पूल म्हणून भारी आहे, पण पुलावरच घर बांधायचं नाही, बाजारात शेवटी त्रेपन्नच ऐकू येणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी चेक करा की दहापर्यंतचं खरंच येतंय का, म्हणजे म्हणता येणं नाही, "मला सात चिंचोके दे" म्हटल्यावर सात मोजून थांबता येणं. बरीच मुलं थांबतच नाहीत, देत राहतात! अशा मुलाला दशक-एकक शिकवायला घेऊ नका, आधी हेच पक्कं करा.

मग काड्या. आइस्क्रीमच्या, झाडूच्या, काहीही चालेल, पण दहाचा गठ्ठा मुलाने स्वतः मोजून स्वतः बांधायचा, तयार गठ्ठे दिले की त्याच्यासाठी तो गठ्ठा म्हणजे एक वस्तू होते, दहा नाही. रबरबँड छोट्या हातांना गुंडाळता येत नाही आणि तुटतो पण, त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक रिंगा कापून ठेवा, वर्षभर टिकतात. पाच गठ्ठे आणि तीन सुट्या समोर ठेवून आधी "पाच दशक तीन", मग "पन्नास तीन", आणि मग हेच त्रेपन्न. तिन्ही नावं एकामागोमाग, काड्यांना हात लावत. त्यासाठी दहा, वीस, तीस ते नव्वद ही नऊ नावं मात्र आधी तोंडात बसलेली हवीत.

इथे एक नवीन लफडं होतं, पन्नास तीन ऐकून काही मुलं ५०३ लिहितात. यावर उपाय म्हणजे कार्डं. ५० चं रुंद कार्ड, ३ चं अर्ध्या रुंदीचं, आणि ३ चं कार्ड ५० च्या शून्यावर ठेवायचं, झाले ५३. उचललं की खालचं शून्य दिसतं, मुलांना हे उघडझाप करायला जाम आवडतं.

क्रम आपल्याकडे सरळ ११ पासून घेतात आणि मला तो पटत नाही. अकरा, बारा, तेरा या नावांवरून काहीच कळत नाही, ते घरातून कानावर पडून येतातच, येऊ द्या. रचना शिकवायला विशी आणि चाळिशी घ्या, एकवीस बावीस, त्रेचाळीस चव्वेचाळीस, शेपूट स्वच्छ ऐकू येतं. मग तिशी आणि ऐंशी. साठी आणि सत्तरी नंतर, आणि पन्नाशी-नव्वदी सगळ्यात शेवटी कारण तिथे कधी वन्न कधी पन्न, आणि ते ण्णव तर विचारूच नका.

एकोणवाल्यांसाठी शंभर मण्यांची माळ घ्या, दहा लाल दहा पांढरे अशी. तीसवर बोट ठेवायचं, एक मणी मागे यायचं, एकोणतीस. २९, ३९, ४९ सगळे एकाच दिवशी करा म्हणजे पॅटर्न दिसतो. ८९ पर्यंत तो चालतो, ९९ ला मात्र नव्व्याण्णव, ते वेगळं सांगून टाका.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-लेखन-गणिताच्या अभियानात पहिलीला ९९ पर्यंत वाचन-लेखन अपेक्षित आहे म्हणून घाई होते हे मान्य, पण वहीत रोज १ ते १०० लिहून आणायचा होमवर्क खरंच बंद करा, पोरं आधी उभी एककांची लाइन भरतात, मग दशकांची, डोकं कुठेच लागत नाही. त्यापेक्षा खोट्या दहाच्या नोटा आणि एकची नाणी देऊन दुकान मांडा. आणि हो, ३ चा आकडा आरशातल्यासारखा उलटा काढला तर या वयात टेन्शन घेऊ नका, ते आणि अंकांची अदलाबदल या वेगळ्या गोष्टी आहेत.

समजलंय का हे बघायचं असेल तर ४७ लिहून त्यातल्या ४ वर बोट ठेवा आणि "एवढ्या काड्या दे" म्हणा. चार सुट्या काड्या दिल्या तर परत गठ्ठ्यांवर या, चार गठ्ठे उचलले तर हातच्याची बेरीज सुरू करायला हरकत नाही.