आंबेमोहोर किती घ्यावा, कसा ठेवावा

आंबेमोहोर, आजरा घनसाळ किंवा इंद्रायणी असा वासाचा तांदूळ वर्षाचा एकदम भरू नका. बासमती मुरला की मोकळा शिजतो, म्हणून जुना घेतात. आंबेमोहोराचं तसं नाही. त्याचा वास उडून जाणाऱ्या द्रव्यामुळे येतो आणि टरफल आणि कोंडा काढलेल्या तांदळातून तो महिन्यागणिक कमी होतो.

चौघांच्या घरात एका वेळेला साधारण पाव किलो तांदूळ लागतो. आठवड्यातून दोनदा हा भात होत असेल तर महिन्याला दोन किलो. दोन महिन्यांपुरता, म्हणजे चार किलो घ्या, तेवढा पुरे. खरिपाचं भात कापून झाल्यावर, दिवाळीनंतर नवा माल येतो. तेव्हा दुकानदाराला मूठभर मागून वास घ्या. वास येत नसेल तर नाव काहीही असो, घेऊ नका.

घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. उन्हात मात्र अजिबात घालू नका: दाण्याला तडे जातात, शिजताना कणी होते आणि वासही जातो. किडीची भीती असेल तर पिशवी हवाबंद करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. लवंग, हिंग असलं काही डब्यात टाकू नका, तांदूळ तोच वास ओढून घेतो.